प्रथम वर्षाची पूर्वतयारी : वसई-विरारचा विद्यार्थी आणि मराठीचा वर्ग

१

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयाच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, छायाचित्रे, शुल्काची जुळवाजुळव आणि अखेरीस रेल्वेच्या सवलतीच्या पासासाठी महाविद्यालयाची सही, अशा क्रमाने ही तयारी पार पडते. वसई-विरार परिसरातील पालक ती मोठ्या निष्ठेने करतात. अनेक घरांतून पदवीच्या वर्गात पाऊल टाकणारे ते पहिलेच मूल असते आणि त्या पावलाची किंमत घरात सर्वांना ठाऊक असते. या सगळ्या तयारीत विचारला न जाणारा प्रश्न एवढाच, की विद्यापीठाच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्याची बौद्धिक व भाषिक पूर्वतयारी कोणी करून घ्यायची? शाळा व कनिष्ठ महाविद्यालय समजतात की ते काम पुढे होईल. पदवी महाविद्यालय गृहीत धरते की ते मागे झालेले आहे. या दोन गृहीतांच्या मध्ये जी पोकळी राहते, तीत प्रथम वर्ष कलाशाखेचा, विशेषतः मराठी घेणारा विद्यार्थी सापडतो.

‘विद्यार्थी पूर्वीसारखे राहिले नाहीत’, ‘वाचतच नाहीत’, ‘चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत’ ही वाक्ये प्राध्यापकांच्या खोलीत वारंवार उच्चारली जातात. त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु तक्रार म्हणजे निदान नव्हे. विद्यार्थ्याला काय येत नाही याची यादी करणे सोपे आहे. तो कोठून येतो, त्याच्यापाशी काय आहे आणि त्याच्याकडून नेमके काय अपेक्षिले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडल्याशिवाय पूर्वतयारीचा विचार सुरू होत नाही. वसई-विरारसारख्या बहुभाषी व झपाट्याने बदललेल्या परिसरात तो विचार टाळणे विशेष महागात पडणारे आहे.

२

प्रथम अपेक्षेचा प्रश्न घेऊ. अकरावी-बारावीला विद्यार्थी ‘युवकभारती’ वाचून येतो. अकरावीचे नवे पुस्तक २०१९ साली व बारावीचे २०२० साली आले. त्यावरील परीक्षेला प्रश्नपत्रिकेऐवजी ‘कृतिपत्रिका’ असते. उतारा दिलेला असतो. चौकटी भरायच्या, आकृतिबंध पूर्ण करायचा, कारणे शोधायची आणि शेवटी काही ओळींत स्वमत किंवा अभिव्यक्ती लिहायची. या पद्धतीवर सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. पाठांतराच्या उत्तरांना तिने काही प्रमाणात आळा घातला आणि स्वमताला परीक्षेत जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिने घडवलेली वाचनाची सवय मर्यादित आहे. उत्तर समोरच्या उताऱ्यात कोठेतरी आहे आणि ते हुडकून काढणे म्हणजे वाचन, अशी धारणा दोन वर्षांत पक्की होते.

प्रथम वर्षाच्या वर्गात या विद्यार्थ्यापुढे उतारा नसतो, पुस्तक असते. संपूर्ण कादंबरी, संपूर्ण नाटक किंवा एखाद्या कवीचा संग्रह त्याला नेमलेला असतो. प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका पानावर नसते, ते अनेक पानांतून जुळवावे लागते. शिवाय वर्गात एक नवी परिभाषा कानांवर पडू लागते. आशय, रूपबंध, निवेदन, जाणीव, संवेदनशीलता, वास्तव, आविष्कार हे शब्द शिकवणाऱ्याला इतके सरावाचे झालेले असतात, की ते संकल्पनांचे वाहक आहेत आणि त्यांची ओळख करून द्यावी लागते, याचाच विसर पडतो. विद्यार्थी ते शब्द टिपून घेतो व उत्तरात जसेच्या तसे उतरवतो. उत्तर दिसायला समीक्षेसारखे दिसते. त्यात विद्यार्थ्याचे वाचन मात्र नसते.

याहून साधी गोष्ट प्रश्नातील क्रियापदांची आहे. ‘चर्चा करा’, ‘विवेचन करा’, ‘परामर्श घ्या’, ‘आढावा घ्या’, ‘स्वरूप स्पष्ट करा’ या पाच आज्ञा पाच निराळी कामे सांगतात. चर्चेत किमान दोन बाजू येणे अपेक्षित आहे. विवेचनात एखादी गोष्ट तिच्या घटकांनिशी उलगडावी लागते. आढाव्यात विस्तार व क्रम यांना महत्त्व असते, तर परामर्शात घेतलेल्या गोष्टीचे मूल्य ठरवण्याची जबाबदारी येते. स्वरूप स्पष्ट करायचे तर व्याख्या व लक्षणे लागतात. हा फरक विद्यार्थ्याला कोणत्या इयत्तेत, कोणत्या पुस्तकात सांगितला जातो? तो क्वचितच सांगितला जातो. त्यामुळे पाचही प्रश्नांना एकच उत्तर येते : लेखकाचा अल्प परिचय, मग कथानक, मग ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारा समारोप. बाजारातील तयार प्रश्नोत्तरांची पुस्तके नेमक्या याच साच्यावर उभी असतात. विद्यार्थी त्यांच्याकडे वळतो तो केवळ आळसामुळे नव्हे. अपेक्षा स्पष्ट करून सांगणारे दुसरे कोणी त्याला भेटलेले नसते.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठी घेणारा प्रत्येक विद्यार्थी बारावीपर्यंत मराठी शिकून येतोच असे नाही. उच्च माध्यमिक स्तरावर दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा आहे, आणि वाणिज्य व विज्ञान शाखांतील पुष्कळ विद्यार्थी ती घेतात. त्यांपैकी जे पुढे कलाशाखेकडे वळतात, त्यांचा मराठीच्या पुस्तकाशी संबंध दहावीच्या ‘कुमारभारती’पाशी तुटलेला असतो. अशा विद्यार्थ्याला प्रथम वर्षात नेमलेली कादंबरी ही त्याने आयुष्यात वाचलेली पहिली संपूर्ण मराठी कादंबरी असण्याची शक्यता बरीच आहे.

३

आता विद्यार्थी कोठून येतो हा प्रश्न. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या क्षेत्राची लोकसंख्या १२,२२,३९० होती. महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. प्रशासनाच्या नकाशात हे बदल अलीकडचे आहेत, भाषेच्या नकाशात हा परिसर फार जुना आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर कोकणातील कोळी, वाडवळ, फुडगी, सामवेदी, वारली या बोलींची नोंद आहे. एका शतकानंतर, २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडातही या पट्ट्यातील बोलींना स्थान मिळाले. म्हणजे अभ्यासकांच्या दफ्तरी या बोली आहेत. प्रश्न त्या वर्गात कितपत आहेत हा आहे.

प्रथम वर्षाच्या मराठीच्या वर्गात या परिसरात साधारणपणे चार प्रकारचे विद्यार्थी एका बाकावर येतात. पहिला, घरी सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी, कोळी किंवा आगरी बोलणारा. त्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही ‘दुसरी मराठी’ असते. दुसरा, डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडकडून आलेला व घरी वारली किंवा कोकणा बोलणारा. त्याचा प्रवास सर्वांत लांबचा असतो, भूगोलाने आणि भाषेनेही. तिसरा, नालासोपारा-विरारच्या नव्या वस्तीतला, ज्याच्या घरात हिंदी, भोजपुरी किंवा गुजराती चालते आणि ज्याने मराठी शाळेत व बाजारात मिळवली आहे. चौथा, मराठी घरातला पण इंग्रजी माध्यमात शिकलेला. तो मराठी अस्खलित बोलतो. छापील पान मात्र त्याला सावकाश वाचावे लागते.

या चौघांना मराठीची एकच पूर्वतयारी पुरेल असे मानणे म्हणजे कोणाचीच तयारी न करणे होय. पहिल्या दोघांच्या बाबतीत धोका निराळा आहे. त्यांच्या लेखनात बोलीचे रूप आले की ते ‘अशुद्ध’ म्हणून लाल शाईने खोडले जाते. खोडणाऱ्याचा हेतू चांगला असतो. विद्यार्थी मात्र त्यातून एकच धडा घेतो : घरी जे बोलले जाते ते वर्गात आणायचे नाही. मग तो वर्गात बोलेनासाच होतो. प्राध्यापक त्या गप्प राहण्याला अज्ञान समजतात. पुढे द्वितीय वर्षी तो मराठी सोडून दुसरा विषय घेतो, तेव्हा ‘मराठीला विद्यार्थी मिळत नाहीत’ या तक्रारीत आणखी एका आकड्याची भर पडते.

याची दुसरी बाजू अशी, की बोलीचे कौतुक करण्याच्या उत्साहात तिला शोभेची वस्तू करण्यातही लाभ नाही. संमेलनाच्या दिवशी एखादे बोलीगीत, भित्तिपत्रिकेवर एखादा बोलीतला उतारा, एवढ्याने कर्तव्य संपत नाही. रोज दोन भाषिक रूपांत ये-जा करणारा विद्यार्थी मुळात तुलना करीतच असतो. घरी एक प्रत्यय, शाळेत दुसरा. आजीच्या तोंडी एक उच्चार, वृत्तनिवेदकाच्या तोंडी दुसरा. हे भान त्याला अभावितपणे मिळालेले असते. भाषाविज्ञानाचा आरंभ याच भानातून होतो. एकभाषी विद्यार्थ्याला जे उदाहरणे देऊन पटवावे लागते, ते या विद्यार्थ्याच्या अनुभवात आधीच असते. त्याला फक्त नाव द्यायचे असते. तेव्हा या विद्यार्थ्यापाशी असलेली ही शिदोरी हिशेबात न धरता त्याच्या पूर्वतयारीचे मोजमाप करणे शास्त्रीयदृष्ट्याही सदोष आहे.

४

विद्यापीठात मराठीला असलेली जागा आपोआप मिळालेली नाही, हेही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला कळले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले व त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्याच दशकात उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या व अभिजात भाषांना प्राधान्य मिळाले. त्या भाषांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. त्या प्रयत्नांना फळ येऊ लागले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, त्यांच्या निधनाच्या सुमारास. ज्या पिढीने मराठीसाठी हा आग्रह धरला, तिचे स्वतःचे विद्यापीठीय शिक्षण इंग्रजीत झाले होते. दोन भाषांमधील अंतर कष्टाने ओलांडणे हा या विद्यापीठाच्या पहिल्या विद्यार्थ्यांचाही अनुभव होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. हा सन्मान योग्यच आहे. परंतु ज्या भाषेला विद्यापीठाच्या परीक्षेत जागा मिळवण्यासाठी झगडावे लागले, तिच्या वर्गात आज तिच्याच बोली बोलणाऱ्या मुलाला आपली जागा कोणती असा प्रश्न पडावा, ही विसंगती कोणत्याही दर्जाने झाकली जाणारी नाही.

५

मग करावे काय? स्वतंत्र ‘सेतु-अभ्यासक्रम’ नावाचा आणखी एक कागद तयार करण्याची आवश्यकता नाही. नेमलेल्या अभ्यासपत्रिकेच्या आतच पहिल्या सत्राचे पहिले पाच-सहा आठवडे या कामाला देता येतात. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, एक संपूर्ण पुस्तक वर्गात, सर्वांसमवेत वाचून पूर्ण करणे. पुस्तक लहान असावे. त्याचा सारांश प्राध्यापकांनी सांगू नये. दर तासाला ठरावीक पाने आणि त्यांवर विद्यार्थ्यांनी घरून आणलेला एकेक प्रश्न, एवढाच नियम असावा. पुस्तक संपवण्याचा अनुभव ही पदवी अभ्यासाची पहिली अट आहे.

दुसरी, कोशाची सवय. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षाची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडशः निघाला. हे दोन्ही कोश आज संगणकावर विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे ग्रंथालयात प्रत नाही ही सबब उरलेली नाही. घरातील बोलीचे पन्नास शब्द गोळा करावेत, ते या कोशांत आहेत का पाहावे, असल्यास कोणत्या अर्थाने व नसल्यास का नसावेत याची नोंद करावी. हा स्वाध्याय प्रथम वर्षाचा कोणताही विद्यार्थी करू शकतो. ज्याच्या घरी भोजपुरी किंवा गुजराती आहे, त्यालाही यात समान वाटा आहे. एखादा शब्द दोन्ही भाषांत आढळला आणि अर्थ निराळा निघाला, तर वर्गाला त्याचेच उदाहरण अधिक उपयोगी पडेल.

तिसरी, आठवड्याला एक पान लेखन. ते गुण देऊन परत करू नये, प्रश्न विचारून परत करावे. ‘हे कोठे आढळले?’, ‘हा शब्द येथे का?’, ‘याच्या विरुद्ध कोणी म्हणाले तर?’ अशा तीन प्रश्नांनी जे साधते ते लाल शाईने साधत नाही. प्रमाण लेखनाचे नियम अवश्य शिकवावेत आणि कसोशीने शिकवावेत. मात्र ‘चूक’ आणि ‘बोलीतील रूप’ यांसाठी दोन निराळ्या खुणा असाव्यात. पहिलीखाली दुरुस्ती यावी, दुसरीखाली प्रमाण रूप शेजारी लिहिले जावे. फरक छोटा वाटतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो फार मोठा असतो.

चौथी, परिसरातील वाङ्मयापासून आरंभ. केळवे-माहीमच्या भूमीतून आलेली ‘महिकावतीची बखर’ राजवाडे यांनी १९२४ साली दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. तिचा काही भाग पंधराव्या शतकातील मानला जातो. विरारहून गाडीने अल्पावधीत पोहोचता येईल अशा गावाचे नाव मराठी गद्याच्या इतिहासात आहे, हे या परिसरातील किती विद्यार्थ्यांना माहीत असते? रायतूर येथे १६१६ साली मुद्रित झालेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्याचा कर्ता १५७९ साली गोव्यात आला आणि प्रौढ वयात मराठी शिकला. मराठी उशिरा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला धीर देणारे याहून मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील तलासरी-डहाणूचा मुलूख आज पालघर जिल्ह्यात आहे आणि तेथील वारल्यांची नातवंडे-पतवंडे आज महाविद्यालयात येत आहेत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सिसिलिया कार्व्हालो यांचे काव्य व ललित लेखनही याच भूमीतले. ही नावे अभिमानाच्या यादीत घालण्यासाठी घ्यायची नाहीत. या लेखनाची भाषा, तिचे प्रमाण रूपाशी असलेले नाते, तिच्यातील परंपरा यांचे वाचन करण्यासाठी घ्यायची आहेत.

६

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा. सत्र पद्धतीत अध्यापनाचे आठवडे मोजके, त्यात अंतर्गत परीक्षा, सुट्ट्या, महोत्सव. पाच-सहा आठवडे ‘तयारी’त घालवले तर नेमलेला भाग कसा संपेल? उत्तर असे, की आजही भाग ‘संपतो’ तो प्राध्यापकांच्या वहीत. विद्यार्थ्याच्या वाचनात तो संपलेला नसतो. वाचता येणाऱ्या वर्गाला उरलेला भाग कमी तासांत शिकवता येतो, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

दुसरा आक्षेप दर्जाचा. बोलीला वर्गात स्थान दिले तर प्रमाण भाषा ढिली पडेल, अशी भीती व्यक्त होते. ही भीती प्रामाणिक आहे. स्पर्धापरीक्षा, पत्रकारिता, अध्यापन या सर्व क्षेत्रांत प्रमाण मराठीची मागणी असते, आणि ती न शिकवणे हा बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यावरच सर्वांत मोठा अन्याय ठरेल. परंतु प्रमाण रूप पक्के होते ते त्याचा इतर रूपांशी असलेला फरक डोळसपणे कळल्यावर. दडपलेली बोली लेखनात चुकांच्या रूपाने डोके वर काढत राहते. ओळखलेली बोली आपल्या जागी राहते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परिसराचे वाङ्मय हाती दिल्याने विद्यार्थी परिसरातच अडकेल, त्याला मर्ढेकर, नेमाडे, ढसाळ यांच्यापर्यंत न्यायचे कधी? हा आक्षेप आरंभ आणि अंत यांची गल्लत करतो. पहिल्या सहा आठवड्यांत जे वाचायचे ते तीन वर्षांचे भविष्य ठरवत नाही. वाचण्याची रीत तेवढी ठरवते. ज्याने आपल्या मुलखाच्या बखरीतील एका वाक्याची रचना उलगडली आहे, त्याला मर्ढेकरांच्या कवितेतील मोडतोड कोणत्या परंपरेची आहे, हे विचारण्याचे धैर्य येते.

या प्रश्नाला आता निकडीचे स्वरूप आले आहे, त्यामागे एक नवे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी रचना मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला लागू झाली. तिच्यात काही अटींवर एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. ज्या घरांना मुलाची मिळकत लवकर हवी असते, त्या घरांसाठी ही सोय मोहाची आहे आणि कधी अपरिहार्यही. पूर्वी प्रथम वर्ष ही पायरी होती. ती कच्ची राहिली तर पुढे दोन वर्षांत सावरून घेण्याची आशा असे. आता काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रथम वर्ष हेच विद्यापीठातील शेवटचे वर्ष ठरू शकते. त्या एका वर्षात त्याने एकही पुस्तक पूर्ण वाचले नाही, स्वतःच्या भाषेविषयी एकही प्रश्न विचारला नाही आणि केवळ आपली भाषा अशुद्ध आहे एवढेच शिकून तो बाहेर पडला, तर विद्यापीठाने त्याला काय दिले?

तेव्हा प्रथम वर्षाच्या पूर्वतयारीचा विचार विद्यार्थ्याच्या माथी मारून चालणार नाही. ती मराठी विभागाची पूर्वतयारी आहे. विभागांतील ज्येष्ठ प्राध्यापक सहसा तृतीय वर्षाचे व पदव्युत्तर वर्ग घेतात आणि प्रथम वर्ष तासिका तत्त्वावरील, दरवर्षी बदलणाऱ्या अध्यापकांकडे जाते. हा क्रम उलटा करण्यापासून आरंभ करता येईल. प्रत्येक विभागातील किमान एका अनुभवी प्राध्यापकाने प्रथम वर्षाचा एक वर्ग घ्यावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याच परिसरातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे पंधरा-वीस जणांचे वाचनगट चालवावेत, आणि त्यांच्या बोलीच्या नोंदी विभागाच्या ग्रंथालयात रीतसर जतन व्हाव्यात. यासाठी नव्या अनुदानाची वा नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्यात विभागाची एक बैठक आणि कामाची वाटणी एवढे पुरते. जूनमध्ये विद्यार्थी दाखल्यांची पिशवी घेऊन दारात येतो, तेव्हा त्याच्या बाजूची तयारी झालेली असते. दुसऱ्या बाजूची झाली आहे की नाही, हे विभागांनी स्वतःला विचारले पाहिजे.